सीटी स्कॅन मागण्याआधी माणसे मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सीटी स्कॅन बसवावे, यासाठी सध्या निवेदने दिली जात आहेत. निवेदने देणाऱ्यांची तळमळ खरी आहे. अपघातात डोक्याला मार लागला की सीटीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि त्या वाटेवर माणसे दगावतात. तरीही, सरकारी रुग्णालयांच्या एक्स-रे विभागात उभी हयात काढलेला माणूस म्हणून माझे सांगणे आहे, की आधी आहेत ती यंत्रे चालवायला आणि त्यांतून निघालेले फोटो वाचायला माणसे मागा.

मी ज्या ज्या ग्रामीण रुग्णालयांत काम केले, तिथे एक्स-रेसाठी पद एकच होते. एक माणूस म्हणजे सकाळची ओपीडी आणि फार तर संध्याकाळ. तो रजेवर असला, जिल्ह्याला बैठकीला गेला किंवा मारामारीच्या केसमध्ये कोर्टात साक्षीला उभा राहिला, की खोलीला कुलूप. रात्री मोटारसायकलवरून पडलेला पोरगा आला तर ड्युटीवरचे डॉक्टर कच्चे प्लास्टर बांधतात आणि चिठ्ठीवर 'रेफर' लिहितात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? कुठे कुठे वॉर्डबॉयलाच बटण दाबायला सांगितले जाते. हे कुणीही चालवून घेऊ नये. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, तिथे काम करणाऱ्याच्या छातीवर किरणांची नोंद ठेवणारा टीएलडी बिल्ला असावा लागतो. पोझिशन चुकली की फोटो पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाच्या अंगावर विनाकारण दुप्पट किरणे जातात.

काढलेला फोटो वाचतो कोण, हा त्याहून मोठा प्रश्न. आमच्या वेळी डार्करूममध्ये फिल्म धुवायची, टांगून वाळवायची आणि ओली फिल्मच उजेडाकडे धरून डॉक्टर बघायचे. आता प्रतिमा काही क्षणांत पडद्यावर येते आणि तितक्याच वेळात मुंबई-नागपूरच्या रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचू शकते. केंद्राच्या मोफत निदान सेवेच्या कार्यक्रमात २०१५ पासून टेलिरेडिओलॉजी, म्हणजे दुरून फोटो वाचून रिपोर्ट देण्याची सोय, आहे. पण तालुक्याच्या रुग्णाच्या हाती अजूनही लेखी रिपोर्ट क्वचितच पडतो. फिल्म संपली असेल तर त्याच्याच मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून दिला जातो. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. दुखणे राहिले तर दहा-पंधरा दिवसांनी फोटो पुन्हा काढावा लागतो. हे सांगणारे कुणी नसले तर मजुरीवर पोट असलेल्या माणसाचे मनगट कायमचे दुखरे होते.

सोनोग्राफीचे हाल मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. यंत्र आहे, बाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी आहे, फक्त सोनोग्राफी करणारे कायमचे डॉक्टर नाहीत. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकच असायला हवा. देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, असा कायदा करणारे राज्य आपलेच. यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म, यात ढिलाई नको. पण हा कायदा सेवा बंद ठेवायला सांगत नाही. रेडिओलॉजिस्ट नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ सोनोग्राफी करू शकतात. २०१४ च्या नियमांनुसार सहा महिन्यांचे ठरलेले प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेले एमबीबीएस डॉक्टरही करू शकतात. मग असे डॉक्टर तयार करून तालुक्याला का दिले जात नाहीत?

बाळात व्यंग आहे का हे बघायची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत व्हावी लागते. सोनोग्राफीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. त्या दिवशी रांग लांबली, वीज गेली किंवा डॉक्टरच आले नाहीत, की बाईला पुढच्या महिन्याची तारीख मिळते. तोवर २२-२३ आठवडे होतात. गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईने त्या मंडळापर्यंत कसे पोहोचायचे? म्हणून घरचे उसने पैसे घेऊन खासगी सेंटरला जातात. गरोदर बाईच्या तपासण्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या सर्वांनाच मोफत झाल्या आहेत. तपासणी होतच नसेल तर ती मोफत असून काय उपयोग!

आता सीटीबद्दल. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीत पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. म्हणून सीटी हवेच. पण रात्री दोन वाजता ते काढणारा तंत्रज्ञ, लगेच वाचणारा रेडिओलॉजिस्ट, इंजेक्शन देणारा फिजिशियन, यांतले कुणीच नसेल तर त्या यंत्राने रुग्णाचा तासभर वाया जाईल आणि शेवटी तो जिल्ह्यालाच जाईल. तोवर १०८ ची गाडी अशा रुग्णाला तालुक्याला न थांबवता, सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्या रुग्णालयात थेट नेईल, एवढी सोय तरी आजच करता येईल.

निवेदन देणाऱ्या मंडळींनी त्यात एवढे जरूर घालावे: एक्स-रेसाठी आणखी दोन पदे, प्रत्येक फोटोचा त्याच दिवशी लेखी रिपोर्ट आणि आठवड्यातून किमान दोन ठरलेले सोनोग्राफीचे दिवस. हे दिवस केसपेपरच्या खिडकीवर ठळक लिहावेत आणि आशाताईंना महिनाभर आधी कळवावेत. निवेदनावर सही करायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, विदर्भ