बाबांच्या पंच्याहत्तरीला मी येत नाही, त्याबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी हा विषय तीनदा काढायला गेले आणि तिन्ही वेळा ओवीचा अभ्यास आणि कृष्णेचे पाणी यांवरच बोलून फोन ठेवला. अक्षर मुद्दाम मोठे ठेवले आहे. आई, सगळे एका दमात वाचून दाखवू नकोस. बाबांना एकेक परिच्छेद हातात धरून वाचू दे.

पहिली गोष्ट ही की, २७ डिसेंबरला बाबांच्या पंच्याहत्तरीला मी सांगलीत नसेन. काढलेले तिकीट बदलून १२ फेब्रुवारीचे केले आहे. दुसरी गोष्ट, मी ऑगस्टअखेर नोकरी सोडली आहे. तिसरी गोष्ट या दोन्हींचे कारण आहे. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या मास्टर्ससाठी मी अर्ज करते आहे आणि ते अर्ज भरण्याचे दिवस नेमके डिसेंबर-जानेवारीत येतात. म्हणजे बाबांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या मिरजेच्या मॅडम करतात ते काम मला शिकायचे आहे. दादाला हे सगळे ठाऊक आहे, त्याच्यावर रागावू नका. एप्रिलमध्ये तो दोन वेळा कोल्हापूरला गेला तो विद्यापीठातून माझी सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला. आंब्यांचे निमित्त होते, पण आंबे मात्र खरे होते.

तुम्ही दोघे लगेच म्हणाल की, अर्ज काय लॅपटॉपवरच भरायचा, तो सांगलीत बसून भर. दादाही तेच म्हणाला. हे पटवून देण्यासाठी मला सगळी व्यवस्था सांगावी लागेल, आणि बाबांना आकडे दिल्याशिवाय काही पटत नाही, म्हणून आकड्यांसह सांगते.

इथे या व्यवसायाचे प्रमाणपत्र 'आशा' नावाची संस्था देते. (आई, या आपल्याकडच्या आशा सेविका नव्हेत, ही १९२५ साली सुरू झालेली वाचा आणि श्रवण तज्ज्ञांची संघटना आहे.) प्रमाणपत्रासाठी मास्टर्स लागते, ४०० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, त्यांपैकी २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ रुग्णांसोबतचे. त्याशिवाय प्रॅक्सिस नावाची परीक्षा १६२ गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते आणि मास्टर्सनंतर किमान ३६ आठवडे, १,२६० तास, एखाद्या अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. प्रत्येक विद्यार्थ्याला ते तास मिळवून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची असल्यामुळे तुकड्या लहान असतात, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी मिळतो. तारीख हुकली की वर्ष गेले. आपल्या शिवशाहीसारखी मागून दुसरी येत नाही.

आता एक गोष्ट सांगते, पण आधी कबूल करा की वाईट वाटून घेणार नाही. मागच्या डिसेंबरात बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा मी आले होते, ते अकरा दिवस आठवतात ना? त्याच दिवसांत माझा एक अर्ज हुकला. चूक सर्वस्वी माझी होती. इथले बहुतेक अर्ज 'सीएसडीकॅस' नावाच्या एकाच सामायिक व्यवस्थेतून जातात. त्यात काही विद्यापीठांची शेवटची तारीख अर्ज पाठवण्याची असते, काहींची सगळी कागदपत्रे पोहोचण्याची असते आणि काहींची तर अर्जाची पडताळणी पूर्ण होण्याची असते. पडताळणीला काही आठवडे लागू शकतात. मी पाठवण्याची तारीख समजून अर्ज पाठवला आणि निश्चिंतपणे बाबांच्या पायाला शेक देत बसले. ती तारीख पडताळणीची होती. मी आले नसते तरी ती ओळ मी तशीच चुकीची वाचली असती, हे पुन्हा सांगते. मला त्या अकरा दिवसांची खंत नाही. पण या वर्षी मला स्वतःवर विसंबून राहायचे नाही.

म्हणून या वेळी अर्ज ३० नोव्हेंबरच्या आत पाठवायचा असे ठरवले आहे. पण अर्ज पाठवला म्हणजे सुटले असे नसते. शिफारसपत्रे तीन लागतात आणि ती शिफारस करणाऱ्यांनी स्वतःच त्या व्यवस्थेत भरायची असतात; मी फक्त नम्र आठवण करून देऊ शकते, आणि नम्र आठवण किती वेळा करावी हा इथल्या संस्कृतीतला नाजूक प्रश्न आहे. शिवाय या सत्रात मी दोन विषय शिकते आहे. त्यांची परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर आहे, गुण नाताळच्या सुमारास येतील, आणि ते आल्यावर नव्या गुणपत्रिका मागवून विद्यापीठांना कळवाव्या लागतील. काही ठिकाणी जानेवारीत मुलाखती सुरू होतात. माझ्या यादीतली शेवटची तारीख १ फेब्रुवारी आहे. फेब्रुवारीत एखादी मुलाखत आलीच तर मी ती सांगलीतून रात्री साडेअकराला देईन. आईने फक्त त्या वेळी मिक्सर लावू नये.

दोन विषय शिकते आहे, म्हणजे काय, हेही सांगायला हवे. माझी पदवी इंजिनिअरिंगची. या शाखेत येण्यापूर्वी ध्वनिशास्त्र, बोलण्याच्या अवयवांची रचना, मुलांचा भाषाविकास, श्रवणशास्त्र असे पायाभूत विषय पूर्ण करावे लागतात, आणि 'आशा'च्या नियमाप्रमाणे जीवशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक शास्त्रे आणि भौतिक किंवा रसायनशास्त्र यांतलेही एकेक लागते. भौतिकशास्त्र पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगमधून निभावले. जीवशास्त्राला मी दहावीनंतर रामराम केला होता, त्यामुळे जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर बसून ते शिकले. पहिल्या दिवशी एका मुलीने मला शिक्षिका समजून हजेरीबद्दल विचारले. आणि हो, भारतातल्या गुणांचे इथल्या पद्धतीने मूल्यमापन करून घ्यावे लागते, त्यात एम-थ्री, म्हणजे गणिताचा तो तिसरा पेपर, पुन्हा डोके वर काढून आला. बाबा, हसा आता.

ध्वनिशास्त्राच्या वर्गात जगातल्या प्रत्येक उच्चाराला एक चिन्ह असते. आपल्या 'ळ'चे चिन्ह म्हणजे शेपटी उजवीकडे वळलेला इंग्रजी 'l'. वर्गातल्या कोणालाच तो उच्चार जमेना, तेव्हा प्राध्यापिकांनी मला म्हणून दाखवायला सांगितला. मी 'बाळ' म्हटले, 'काळा' म्हटले, 'सांगलीची केळी' म्हटले. लहानपणी मी 'केली' म्हणायचे आणि बाबा रोज शाळेतून आल्यावर पायरीवर बसवून माझी जीभ वर वळवून घ्यायचे, ते आठवले आणि पुढची दहा मिनिटे वर्गात काय शिकवले ते मला कळले नाही.

मी या वाटेला का लागले, ते वेगळे सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये आजारात बाबांची वाचा गेली, तेव्हा पहिले दोन आठवडे त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'पुढे'. पाणी हवे तरी पुढे, पंखा बंद करायचा तरी पुढे, मला पाहून डोळे भरले तरीही पुढे. आता पुस्तकात वाचते की १८६१ मध्ये पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याच्याकडेही असाच एक अक्षरसमूह उरला होता, 'तान'. आणि मग मिरजेच्या मॅडमनी बाबांना पाढे म्हणायला लावले. ज्यांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते ते बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत अडखळल्याशिवाय म्हणून गेले. पाठ असलेले बोलणे अशा आजारातही बऱ्याचदा टिकून राहते, हे तेव्हा मला माहीत नव्हते. मला तो चमत्कार वाटला होता. पुढच्या आठवड्यात मॅडमनी विचारले, सकाळी किती वाजता उठता? बाबांनी बोटे मांडीवर टेकवून मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि सहावर थांबून वर पाहिले. त्या नजरेत उत्तर होते. ती नजर पाहिल्यावर मला सॉफ्टवेअरच्या चाचण्या करत बसणे अवघड झाले, यात माझा काय दोष?

'मग मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासूनची वाक् श्रवण संस्था आहे, तिकडेच शिक,' असे बाबा म्हणतील हे मला ठाऊक आहे. तिथे मास्टर्ससाठी याच विषयातली पदवी आधी हवी, आणि ओवीची शाळा, समीरची नोकरी इथे आहे. मी सात ठिकाणी अर्ज करते आहे. त्यांपैकी कीन, माँटक्लेअर स्टेट आणि विल्यम पॅटरसन ही तीन विद्यापीठे याच राज्यातली सरकारी आहेत, म्हणजे रहिवाशांना फी कमी, आणि घरापासून गाडीने साधारण तासाभरात. प्रवेशाचे उत्तर मार्चपर्यंत यावे. होकार कळवायची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते, आणि त्यानंतर प्रतीक्षायादीतल्यांचे नशीब उघडते. म्हणून एप्रिलपर्यंत काकूंना किंवा शेजारी काही सांगू नका. आई, विशेषतः तू.

पैशांची काळजी करू नका. घराचा हप्ता समीरच्या पगारातून जातो, विमा त्याच्या कंपनीचा आहे आणि दोन वर्षांच्या फीपैकी बरीच रक्कम मी गेल्या सहा वर्षांत बाजूला ठेवली आहे. तुमच्या खात्यावर येणारी रक्कम एक पैसाही कमी होणार नाही. शांतामावशी सकाळ-संध्याकाळ येतील, फिजिओथेरपीचे पैसे मार्चपर्यंत भरून टाकले आहेत, आणि इन्व्हर्टरची नवी बॅटरी दिवाळीआधी बसेल. गीझरचा आवाज येतो तो दादा येऊन बघेल. तोवर तो चालू ठेवून अंघोळीला जायचे नाही.

आता काही गोष्टी हुकूम समजून ऐका. बाबांनी पडून पाणी प्यायचे नाही, बसून, घोट घोट, हनुवटी किंचित खाली घेऊन प्यायचे, जसे मॅडमनी शिकवले आहे. जेवताना टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, मग क्रिकेट असो की आणखी काही.

आणि आई, हे तुला एकटीला. मला निरीक्षणाचे तास मिळाले त्या ठिकाणी एक गृहस्थ यायचे, बाबांच्याच वयाचे. थेरपिस्ट त्यांना अर्धे वाक्य द्यायच्या, 'सकाळी उठल्यावर मी पितो एक कप...' आणि थांबायच्या. किती थांबायच्या म्हणून सांगू! घड्याळाचा काटा ऐकू यायचा, त्या गृहस्थांचे ओठ हलायचे, चुकीचे अक्षर निघायचे, ते मान हलवायचे, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पदर धरावा तशी ओढणी मुठीत धरून बसलेल्या असायच्या. मग शब्द यायचा, 'कॉफी'. मला त्या मुठीत तू दिसलीस. तू बाबांचे वाक्य पुरे करतेस ते मायेपोटी, त्यांची फजिती नको म्हणून, हे मला कळते, आणि दोन वर्षे तूच त्यांची जीभ झाली आहेस, त्याची परतफेड मी कुठल्याही पदवीने करू शकणार नाही. फक्त एवढे कर की शब्द द्यायच्या आधी मनात दहा आकडे मोज. पाहुण्यांसमोर नाही जमले तरी चालेल. चहाच्या वेळी तरी.

वाढदिवसाचे म्हणाल तर बाबा, तुम्हाला नाहीतरी दोन जन्मतारखा आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे आणि सरकारच्या दृष्टीने तुम्ही कधीच पंच्याहत्तर पूर्ण केली आहेत. तेव्हा २७ डिसेंबरला दादा-वहिनी औक्षण करतील, मी फोनवर असेन, आणि फेब्रुवारीत मी तीन आठवडे येईन तेव्हा पुन्हा करू. ७५ दिव्यांचे ताट मी स्वतः लावणार आहे, ते आधी कोणी लावायचे नाही.

शेवटची एक विनंती बाबांना. अर्जासोबत एक निवेदन द्यावे लागते, मी हा व्यवसाय का निवडला याचे. पहिला खर्डा मी प्राध्यापिकांना दाखवला, तर त्या म्हणाल्या, हे तुझ्या वडिलांचे चरित्र झाले, यात तू कुठे आहेस? मग बरेच काढून टाकले. पण मोजत मोजत सहावर थांबण्याचा प्रसंग तेवढा ठेवला आहे. तो तुमचा आहे. परक्या लोकांनी तो वाचावा की नाही, हे तुम्ही ठरवायचे. येत्या रविवारी फोन करीन तेव्हा मला उत्तर द्या, हो किंवा नाही. आईने सांगायचे नाही, दादाने सांगायचे नाही. मी थांबेन.

तुमची,
मंजू

ता. क. बीपीच्या नव्या गोळीचा फोटो पाठव, आई. पाकिटाची मागची बाजू, जिथे नाव आहे ती. मागच्या वेळी पुढचीच पाठवली होतीस.