ड्रायव्हर बांधण्याआधी कर्नल पाहा

संपादक महोदय,

जुन्या संगणकावर लिनक्स टाका, असे सगळेच सांगतात; वायफाय चालत नाही म्हटले की गप्प होतात. रिअलटेक ८८२१सीयू चिपच्या यूएसबी डोंगलचे (बाहेरून जोडायच्या वायफाय उपकरणाचे) उदाहरण घ्या. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) आतच आहे, म्हणून चिप दाखवणारी 'एलएसयूएसबी' (lsusb) आणि कर्नलची आवृत्ती सांगणारी 'यूनेम -आर' (uname -r) या आज्ञा आधी चालवाव्यात. कर्नल जुना असेल तरच ड्रायव्हरचा बाहेरचा कोड संकलित (कंपाइल) करावा. त्यासाठी उबंटूवर बिल्ड-इसेन्शियल (संकलनाची साधने), डीकेएमएस (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधणारे साधन) आणि चालू कर्नलच्याच आवृत्तीचे हेडर्स (संकलनाला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) लागतात. हेडर्स जुळले नाहीत तर 'मेक' (make) ही संकलनाची आज्ञा तिथेच अडते. (इंटरनेटच नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावे.) नुसते 'मेक इन्स्टॉल' केले, तर कर्नल अद्ययावत होताच वायफाय पुन्हा गायब, कारण मॉड्यूल (संकलित झालेला ड्रायव्हर) जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्येच राहते. डीकेएमएस ते नव्याने बांधते.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सुरक्षा) चालू असताना सही नसलेले मॉड्यूल नाकारले जाते. सिक्युअर बूट बंदच करा, हा सल्ला आळशीपणाचा. 'मोकयुटिल' (mokutil) आज्ञेने मॉड्यूलच्या सहीची किल्ली (मॉक) आयात करावी आणि रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडावे. हा पडदा थोड्याच सेकंदांत निघून जातो. तेव्हा चहाला उठू नये.

— एक वाचक