तलंगांना नुसतं १६ टक्के प्रोटीन देऊन भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेती पानावर कोंबडीखाद्यावर लेख आला होता. वाढत्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) १६ टक्के प्रोटीन द्या एवढं सांगून विषय संपवलाय, म्हणून लिहायला बसलो. आम्ही लेअरवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे, एक दिवसाचं पिल्लू आणून घरीच वाढवतो, खाद्यपण घरीच दळतो, आणि याच १६ टक्क्यांवर विसंबून एकदा चांगलेच आपटलोय.

झालं असं की मागच्या वर्षी इथेनॉलवाल्यांचं मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा) स्वस्त मिळत होतं, एका फीडवाल्याने सांगितलं म्हणून टनामागे १०० किलो सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) काढली आणि १६० किलो ते टाकलं. लॅबचा रिपोर्ट आला प्रोटीन १६.२, सगळे खुश. दहाव्या आठवड्यात क्रेटमध्ये दहा-दहा तलंगा घालून काट्याला टांगल्या तर सरासरी जातीच्या वजनाच्या चार्टपेक्षा ९० ग्रॅमनी कमी, आणि एकाच पिंजऱ्यात एक गुबगुबीत तर शेजारचीच्या छातीचं हाड हाताला टोचतंय. रात्री वही काढून हिशोब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रोटीन बनतं अमिनो आम्लांचं, त्यातलंच एक लायसिन. डीओसीत ते साधारण २.८ टक्के, डीडीजीएसमध्ये कसंबसं ०.८. म्हणजे २.८ किलो लायसिन काढलं आणि जेमतेम १.३ किलो घातलं! त्यात माल वाळवताना करपला असेल (रंग काळपट दिसतो) तर आहे तेवढंही पक्ष्याला पूर्ण पचत नाही. लॅबवाले नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात, त्यांचा काही दोष नाही, पण त्या आकड्यात युरिया मिसळलेला असला तरी तो प्रोटीन म्हणूनच दिसतो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं १९९४ चं टेबल आहे, त्यात पांढरं अंडं देणाऱ्या जातीला पहिले सहा आठवडे लायसिन ०.८५ टक्के, बाराव्या आठवड्यापर्यंत ०.६०, अठराव्यापर्यंत ०.४५. आताच्या जातींची मॅन्युअल यापेक्षा जास्तच सांगतात. हे आकडे काढतात कसे, तर वेगवेगळ्या गटांना लायसिन पायरीपायरीने वाढवत खाऊ घालायचं आणि वजन बघत राहायचं, जिथून पुढे घातलं तरी वजन वाढत नाही ती गरज धरायची. पण पक्ष्याला लागतात ते रोजचे मिलिग्रॅम, टक्का आपल्या सोयीसाठी. दिवसाला ५५ ग्रॅम खाणाऱ्या तलंगीला ०.६० टक्क्याने ३३० मिलिग्रॅम मिळतं, आणि मे महिन्यात पत्रा तापून तीच ४५ ग्रॅमवर आली की तेवढंच पोचवायला खाद्यात ०.७३ टक्के लागतं. सहावीतल्या पोराला जमेल असं गणित, पण पिशवीवर बघाल तर नुसतं क्रूड प्रोटीन.

मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची तीच कथा, मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी तेच कमी पडतं. वाढीच्या वयात तलंग पिसं टाकते आणि नवी घालते, पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, त्यात सिस्टीन (हेही अमिनो आम्लच) भरपूर आणि लायसिन नावाला. त्यामुळे नुसता काटा बघून चालत नाही, पाठीवरची पिसंपण बघायला लागतात.

तर साहेब, पुढच्या वेळी टक्क्यासोबत पक्षी रोज किती ग्रॅम खातोय आणि त्यातून लायसिन, मेथिओनिन किती मिलिग्रॅम जातंय हे छापा, चार ओळी जास्त लागतील.

आम्ही नंतर टनाला दोन किलो लायसिन पावडर टाकली. चौदाव्या आठवड्यापर्यंत वजन बरंचसं सावरलं, पण सांगाडा बाराव्या आठवड्यापर्यंत बहुतेक भरून झालेला असतो, तो काही परत वाढला नाही. लॉट अजून शेडमध्ये आहे, ट्रेमध्ये बारीक अंडी जास्त निघतात आणि गाडी भरताना व्यापारी रोज टोमणा मारतो.

आपला,
एक लेअरवाला, ता. खानापूर, जि. सांगली