हस्त लागला की

देवरूख
उत्तरा नक्षत्र संपायला चार दिवस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले की तू 'हं, हं' करतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो, म्हणून लिहितेय.

परवा माळ्यावरची जुनी कालनिर्णय काढली. आई रद्दीसुद्धा टाकत नाही म्हणून हसायचीस ना? सिलिंडर किती दिवस पुरतं ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. चौदा वर्षांची निघाली. दूध, कामवालीचे खाडे, लाइटबिल, आणि मधेच माझंच अक्षर: 'डोकं ठणकतंय', 'झोप नाही', 'ह्यांच्याशी वाजलं'. सप्टेंबरची पानं शेजारी शेजारी मांडली, तर हे सगळं पंचवीस तारखेच्या पुढचं. दरवर्षी.

वैद्य म्हणतील पित्त. पावसाळ्यात साठतं, शरदात उसळतं. खोटं नसेल, मोरावळा खातेच आहे मी. पण पित्ताला तारीख कुठून कळते?

आणि दोन पानांवर लिहिलंय, 'पुन्हा हळदीचं स्वप्न'. त्यात मी हात धूत असते, धूतच असते, आणि पिवळं काही जात नाही. मला वाटायचं ही तुझ्या लग्नाची काळजी! तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस.

मग काल पहाटे अंगण झाडायला गेले. रात्री पाऊस पडून गेलेला, प्राजक्ताचा सडा. वाकून एक फूल उचललं, देठ चिमटीत चुरडला आणि बोट केशरी झालं. तशीच खाली बसले, केरसुणी हातात.

आप्पा गेले 1987 साली, हस्त लागला त्या दिवशी. मी नऊ वर्षांची. मला कोणी काही सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी हातात परडी दिली, 'जा, फुलं वेच.' एरवी ओंजळभर वेचून मी पळायचे. त्या दिवशी सगळी वेचली, चिखलातलीसुद्धा. मग त्यांनी सुईदोरा दिला. मी पडवीत बसून हार ओवत राहिले, माजघरात बायका कुजबुजत होत्या. हार हातभर झाला तेव्हा कोणीतरी येऊन तो काढून घेतला. कोणासाठी, ते दुपारी कळलं. बोटं मी दिवसभर फ्रॉकला पुसत होते.

त्यांचं श्राद्ध आपण तिथीने करतो. तिथी आश्विनातली, कधी सप्टेंबरात येते, कधी ऑक्टोबर अर्धा सरल्यावर. म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. नक्षत्र मात्र सूर्याचं. हस्त 27 सप्टेंबरच्या आसपासच लागतो. मी तिथी पाळत होते आणि आत कोणीतरी नक्षत्र पाळत होतं. तूच मागे म्हणाली होतीस, वास मेंदूत भावनांच्या जागी जवळजवळ थेट पोचतो, बाकीच्या संवेदनांसारखा वळसा घेत नाही. तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, नीट ऐकलं नाही.

तू ठेवून गेलेलं त्या मानसशास्त्रज्ञ युंगचं पुस्तकही थोडं वाचलं. तो 1938 साली विज्ञान काँग्रेससाठी कलकत्त्याला आला, पोट बिघडून इस्पितळात पडला, आणि स्वप्न कसलं पडलं? इंग्लंडजवळच्या कुठल्याशा बेटावरच्या गढीचं. एवढा प्रवास करून माणूस झोपेत आपल्याच मुलखाकडे निघाला, मला हसूच आलं. मी तर तालुकासुद्धा सोडला नाही, तरी त्या पडवीपर्यंत पोचायला पन्नाशी आली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तू बंगळूरला पहिल्या नोकरीला निघालीस तो दिवस 28 सप्टेंबर. पलंगावर ओला टॉवेल टाकलास म्हणून मी तुला काय काय बोलले, ते तुला आठवत असेलच. 'जातेयस तर जा एकदाची,' असंही म्हणाले. डबा ओट्यावरच राहिला. तू गेल्यावर त्यातल्या घावन्या मी गाईला घातल्या. टॉवेलचा काही दोष नव्हता, तुझाही नव्हता. घरातून आणखी एक माणूस जात होतं आणि बाहेर प्राजक्त फुलला होता. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तरी बोलले ते बोललेच. चुकलं माझं.

झाड तोडायचं म्हणत होते हे, भिंतीला मुळं लागतात म्हणून. मी नको म्हटलंय.

हस्त लागेल त्या दिवशी संध्याकाळी मी फोन करीन. कीबोर्ड बाजूला ठेव. फार बोलणार नाही, यंदा नक्षत्राचं वाहन काय आहे तेवढं सांगीन. गाढव असलं तर तू हसशीलच.

तुझी,
आई