‘हाय-रेझ’ श्रेणीचे पैसे घेऊन कमी दर्जाचा आवाज दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
संगीत स्ट्रीमिंग सेवा, ग्राहक विभाग

विषय: कास्ट करताना दर्जा उतरणे, वाढवून दाखवलेल्या फाइली, आणि वर्गणीतील फरकाची रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

आम्ही बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी भागातले तुमचे वर्गणीदार. सगळ्यांची वर्गणी सर्वांत वरच्या, म्हणजे ‘हाय-रेझ’ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या) श्रेणीची आहे. प्रत्येकाच्या घरी वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं उपकरण), अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, आणि ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंगांचं. ‘आवाज बरा येत नाही’ अशी ही मोघम तक्रार नाही. पडद्यावर दिसणारा आकडा डॅकपर्यंत पोचत नाही, आणि काही अल्बमच्या बाबतीत तो मूळ मुद्रणालाही लागू पडत नाही, हे मोजून झाल्यावर हे पत्र लिहीत आहोत. तुमच्या ग्राहक सेवेकडून आतापर्यंत अ‍ॅप काढून पुन्हा टाका, कॅश साफ करा, राउटर बंद करून चालू करा, एवढंच उत्तर मिळालं. त्या उपायांनी हे दुरुस्त का होणार नाही, तेही खाली लिहिलं आहे.

पहिली गोष्ट कास्टिंगची, म्हणजे फोनवरून दुसऱ्या उपकरणावर गाणं लावण्याची. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) अल्बम लावला आणि तो घरातल्या नेटवर्क स्ट्रीमरकडे पाठवला, की अ‍ॅपमध्ये ‘हाय-रेझ’ची सोनेरी खूण तशीच राहते. स्ट्रीमरपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल आहे. डॅकच्या पडद्यावर मात्र ९६ च्या जागी ४४.१, म्हणजे सीडीचा आकडा, येतं. आकडा तेवढा बदलला असता तर एखाद्याने स्ट्रीमरच्या सेटिंगवर बोट ठेवलं असतं, म्हणून राउटरवर त्या उपकरणाचा डेटाही पाहिला. हिशेब सोपा आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे सेकंदाला ४,६०८ किलोबिट. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता, दाबल्यावर त्याचे साधारण निम्मे किंवा थोडे जास्त उरतात. म्हणजे दहा मिनिटांच्या ऐकण्याला दीडशे ते दोनशे एमबी जायला हवेत. प्रत्यक्षात जातात वीसच्या आसपास. एवढ्यात २५६ किलोबिटचा एएसी (आवाजातला काही भाग गाळणारा प्रकार) बसतो. सीडीच्या दर्जाचा फ्लॅकसुद्धा त्यात मावत नाही.

यात वायफायचा दोष नाही. त्याच स्ट्रीमरवर, त्याच वायफायवर, संगणकात ठेवलेली २४/१९२ ची (२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ) फ्लॅक फाइल डीएलएनएने, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवरून, लावली तर न अडखळता वाजते आणि डॅकवर १९२ दिसतं. कास्ट केल्यावर फोन बाजूला होतो. तो स्ट्रीमरला फक्त पत्ता देतो, आणि गाणं स्ट्रीमर स्वतः तुमच्या सर्व्हरवरून ओढतो. कुठल्या दर्जाच्या फाइलचा पत्ता द्यायचा, हे तुमचं अ‍ॅप ठरवतं. ते एएसीचा पत्ता देतं आणि फोनवर खूण हाय-रेझची ठेवतं. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी हे बदलायचं नाही.

ब्लूटूथवरही तीच खूण पेटलेली राहते. ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या पद्धतींपैकी एलडॅकचा सर्वांत वरचा दर ९९० किलोबिट, आणि तोही आवाजातला काही भाग गाळूनच पाठवतो. एसबीसी आणि एएसी तर त्याच्याही खाली. नव्याने ऐकायला लागलेला माणूस ब्लूटूथ स्पीकरवर ती खूण पाहून वरच्या श्रेणीचे पैसे भरतो, आणि त्या स्पीकरवर त्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

२५६ चा एएसी वाईट असतो असं आमचं म्हणणं नाही. चांगल्या एन्कोडरने केलेला असेल तर पुष्कळांना फरक सांगता येत नाही. पण फरक जिथे निघतो ती जागा नेमकी आमच्या संगीतात सतत हजर असते. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (घोडीवर तारेला गुंजवणारी जागा) नीट लागलेली असली की तारेतून वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या बारीक स्वरांची, एक दाट साखळी निघते. त्यातले सर्वांत वरचे स्वरांश फार क्षीण असतात. बिट कमी पडले की एन्कोडर आधी त्यांनाच कात्री लावतो, कारण गायकाच्या मोठ्या आवाजाखाली ते झाकले जातील असा त्याचा अंदाज असतो. आलापात गायक थांबतो आणि तंबोरा एकटा उरतो, तेव्हा ती उणीव कानाला जाणवते. शिवाय प्रश्न फक्त कानाचा नाही. पैसे एका वस्तूचे घ्यायचे आणि दुसरी द्यायची, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. तुमच्याकडे ‘२४/९६’ म्हणून असलेले काही अल्बम मुळात सीडीच्या दर्जाचे आहेत आणि नंतर वर चढवलेले आहेत. स्ट्रीमरवर थेट तुमचं अ‍ॅप चालतं, तेव्हा ९६ खरोखर येतं. त्या अवस्थेत ऑप्टिकल आउटपुट डिजिटल इनपुट असलेल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घेतलं आणि ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाज कोणत्या किलोहर्ट्झपर्यंत जातो ते दाखवणारं चित्र) काढला. विंडो ४०९६, पट्टी लिनिअर. या अल्बममध्ये २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते. वर काळोख, तंबोऱ्याच्या आघातालाही काही नाही आणि टाळ्यांनाही काही नाही. ४४.१ च्या फाइलमध्ये २२.०५ च्या वर काही राहूच शकत नाही. ती नंतर ९६ वर नेली तर मधले नमुने हिशेबाने भरले जातात, नवी माहिती येत नाही. काही फाइलींत तर बिटमीटरवर खालचे आठ बिट सतत शून्य आहेत, म्हणजे १६ बिटांना मागे शून्यं जोडून २४ केलेले आहेत.

इथे एक खुलासा. वरचा भाग रिकामा दिसला म्हणजे फाइल खोटी, असा सरसकट निष्कर्ष आम्ही काढलेला नाही. पुरुष गायक, हार्मोनिअम आणि तबला यांच्या खऱ्या हाय-रेझ मुद्रणातही २० किलोहर्ट्झच्या वर फार थोडं असतं. पण तिथे आवाज हळूहळू विरत जातो. टेपवरून घेतलेलं असेल तर टेपची सळसळ वरपर्यंत जाते. डीएसडी या एक-बिट डिजिटल मुद्रणावरून केलेलं असेल तर ऐकू येण्याच्या पट्ट्याच्या वर गोंगाट उलट चढत जातो. २२.०५ ला टेकलेली सरळ भिंत या तिन्हींत बसत नाही. अशाच अल्बमची यादी सोबत जोडली आहे.

७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्यांवर ‘२४/१९२’ लिहिण्याबद्दलही बोलायला हवं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत त्या तबकड्यांमधूनच आला. विद्युत मुद्रणाच्या काळातल्या तबकडीवरही साधारण ८-१० किलोहर्ट्झच्या वर संगीत उरत नाही, खरखर उरते. जतन करणारी मंडळी अशा तबकडीची नक्कल २४/९६ वर घेतात ती पुढे दुरुस्तीला वाव राहावा म्हणून, आणि ते योग्यच आहे. ऐकणाऱ्याला मात्र तिथे १९२ चा काडीचाही उपयोग नाही. त्याला हवं असतं ते वेगळं: तबकडी कोणत्या कंपनीची, क्रमांक काय, कोणत्या वेगाने फिरवून घेतली, खरखर किती काढली. खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसला गेला असेल तर त्या प्रतीला कितीही बिट दिले तरी तो परत येत नाही. वेग चुकला तर स्वरच बदलतो, आणि काळी एकचा गायक काळी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. तुमच्या पानावर यातली एकही माहिती नसते.

अँड्रॉइडबद्दल थोडक्यात. फोनला ओटीजी केबलने डॅक जोडला की तुमचं अ‍ॅप सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणून देतं. सीडीच्या ४४.१ चे ४८ करायचे म्हणजे १४७ ला १६० असं अवघड प्रमाण, आणि ९६ चा तर निम्माच उरतो. अँड्रॉइड १४ पासून यूएसबीवर जसेच्या तसे बिट पाठवायची सोय सिस्टिममध्येच आहे. त्याआधीच्या फोनवरही यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखी अ‍ॅप स्वतःचा ड्रायव्हर वापरून हे करत आली आहेत. तेव्हा ‘अँड्रॉइडची मर्यादा’ हे उत्तर आता पुरेसं नाही.

आवाज समान करण्याची सोय तुम्ही मुळातच चालू ठेवली आहे, आणि ती प्रत्येक ट्रॅकला वेगळी लागते. चित्रपटगीतांच्या मिश्र यादीला ती ठीक आहे. मैफलीच्या मुद्रणात विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात. विलंबिताची सुरुवात हळू असते, ती हळूच राहायला हवी. तुमचं अ‍ॅप तिला वर उचलतं आणि द्रुताला खाली ओढतं, त्यामुळे चढत जाणारी मैफल सपाट होते. हीच मोजणी अख्ख्या अल्बमची एकत्र केली तर हा प्रश्न येत नाही. शिवाय तुमच्या सेवेत दोन ट्रॅकच्या मध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाची शांतता येते आणि चालू तंबोरा तुटतो. जुन्या एलपीची बाजू संपताना आवाज उतरवून पुन्हा चढवलेला असतो, तो मूळ मुद्रणाचा भाग; त्याबद्दल तक्रार नाही. पण सलग मैफलीतला हा खंड तुमच्या अ‍ॅपचा आहे. पुढची फाइल आधीच उघडून ठेवली जात नाही, म्हणून तो पडतो. फ्लॅकमध्ये एमपी३सारखी पुढे-मागे भरताड नसते, त्यामुळे बिनखंड वाजवायला अडचण यायचं कारण नाही.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्टीत फायबर सगळीकडे नाही. तिथले वर्गणीदार मोबाइल डेटावर ऐकतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘डेटा बचत’ आणि ‘सर्वोत्तम’ असे दोनच पर्याय आहेत. ‘सर्वोत्तम’ ठेवलं आणि १९२ चा अल्बम लागला तर तासाभरात दोन जीबीच्या वर जातात, रोजचा कोटा तिथेच संपतो. सीडी दर्जाला तेवढ्याच वेळात तीन-चारशे एमबी पुरतात आणि कानाला काहीही गमवावं लागत नाही. तो मधला पर्याय द्यायला काय अडचण आहे, ते कळवावं.

शोधाची अवस्था मात्र मनाला लागते. कुमार गंधर्व १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मले, आणि देवनागरीत त्यांचं नाव टाकलं तर तुमच्या अ‍ॅपमध्ये धड यादी येत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांखाली तीन वेगळे कलाकार झाले आहेत. राग, ताल, साथीदार, मुद्रणाचं वर्ष, यातलं बहुतेक ठिकाणी काहीच नाही. पत्ता कर्नाटकाचा म्हणून पहिल्या पानावर मराठी काही येतच नाही, आणि भाषा मराठी निवडली की कन्नड गायब होतं. आमच्या घरांत दोन्ही लागतं. भीमसेन जोशींची मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी एकाच घरात, एकाच सकाळी ऐकली जाते. दोन भाषा एकत्र निवडता याव्यात, एवढंच मागणं आहे.

हे सगळं जमण्यासारखं आहे का, तर आहे. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये लॉसलेस (काहीही न गाळलेलं) आणि २४/१९२ पर्यंतचं हाय-रेझ वेगळे पैसे न घेता सुरू केलं, आणि ४८ च्या वर जायला बाहेरचा डॅक लागतो हे स्वतःच सांगितलं. अ‍ॅमेझॉन म्युझिकच्या अ‍ॅपमध्ये गाण्याचा दर्जा, उपकरणाची क्षमता आणि या क्षणी प्रत्यक्ष वाजणारा दर असे तीन आकडे वेगवेगळे दिसतात. आम्हाला सर्वांत पटलेली पद्धत हीच. कोबझ प्रत्येक अल्बमवर बिट आणि किलोहर्ट्झ लिहितं, शिवाय पुष्कळ अल्बमबरोबर माहितीपुस्तिका देतं. टायडलने एमक्यूए हे वादग्रस्त स्वरूप २०२४ मध्ये सोडून साधा फ्लॅक घेतला. स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस आणलं ते २४/४४.१ पर्यंतच, आणि तेवढंच सांगितलं. त्यात कमीपणा काही नाही. नीट मास्टर केलेला ४४.१ आम्ही वर चढवलेल्या १९२ पेक्षा केव्हाही आधी निवडू.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. कास्ट करताना हाय-रेझ फाइलचाच पत्ता द्यावा, आणि ते होईपर्यंत तिथली खूण काढून प्रत्यक्ष दर दाखवावा. यादीतले अल्बम तपासून त्यांचा खरा दर्जा लिहावा. मुद्रण कंपनीकडूनच फाइल तशी आली असेल तर तसं कळवावं. सीडी दर्जाचा पर्याय, अल्बमनिहाय समानीकरण आणि बिनखंड वादन पुढच्या अपडेटमध्ये यावं. आणि कास्टवर हाय-रेझ मिळत नसताना तुम्ही घेतलेला दोन श्रेणींमधल्या वर्गणीचा फरक, जीएसटीसह, ज्या खात्यातून घेतला त्याच खात्यात परत करावा. पुढच्या महिन्यांची सवलत किंवा कूपन आम्ही स्वीकारणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. उत्तर मराठीत, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आलं तरी चालेल; मात्र ते तांत्रिक विभागाने वाचून दिलेलं असावं.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील वर्गणीदार

सोबत: वर्गणीच्या पावत्या, कास्ट चालू असतानाचे अ‍ॅपच्या आणि डॅकच्या पडद्याचे फोटो, राउटरवरील डेटाची नोंद, अल्बमची यादी व त्यांचे स्पेक्ट्रोग्राम