जुने कपडे, हृदयाचे ठोके

मांडणशिल्प म्हणजे वस्तू कशाही मांडून ठेवणे, असा समज असलेल्यांनी ख्रिस्तियान बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताचे काम जरूर पाहावे. जन्म १९४४चा, पॅरिसचा. नाझी अमलात त्यांचे ज्यू वडील घरातच जमिनीखाली लपून राहिले होते. मुलाचे शालेय शिक्षण लवकरच सुटले. पुढे आयुष्यभर बोल्तान्स्की हरवलेल्या माणसांची आठवण मांडत राहिले: बिस्किटांचे गंजके डबे, धूसर छायाचित्रे, मिणमिणते दिवे. २०१०च्या हिवाळ्यात पॅरिसच्या ग्रां पाले या भव्य प्रदर्शनगृहात त्यांनी जुने कपडे जमिनीवर चौकोनांत पसरले आणि शेजारी कपड्यांचा डोंगर रचला. क्रेनचा पंजा त्यातले काही उचलायचा, वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. कोणाला उचलायचे, याला काही कारण नाही! दालनात ऊबही मुद्दाम ठेवली नव्हती. नुसती छायाचित्रे पाहूनही माझ्या अंगावर काटा आला. त्याच वर्षी जपानच्या तेशिमा बेटावर त्यांनी हृदयाच्या ठोक्यांचा संग्रह उघडला. तिथे आपलेही ठोके नोंदवता येतात. जुलै २०२१मध्ये ते गेले. अशा कलावंतांवर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर, छायाचित्रांसह लेख यावेत, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, सातारा