सातेरी की मेलिफेरा

पेनरिन, कॉर्नवॉल, इंग्लंड
ता. ९ जुलै

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या देशी सातेरी मधमाशीच्या पेट्या कमी करून परदेशी मेलिफेरा मधमाशीच्या आणायचं तुम्ही मनात घेतलंय, असं आई म्हणाली. 'ती माशी काटक, तिला रोग लागत नाही' हे तुमचं म्हणणं. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

पिकल्या केळ्यांवर येतात त्या चिलटांवर इथे काम चालतं. त्यांच्या ४८ जातींना एकच विषाणू टोचून केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. माशी तशीच दिसणारी, विषाणू तोच, तरी काही जातींतली बहुतेक चिलटं मेली आणि काहींना जवळपास काही झालं नाही. जिथे विषाणू अंगात भरमसाट वाढला तिथे मरणही जास्त. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं: हा फरक वाटेल तसा नव्हता. नात्याने जवळच्या जातींची गत बरीचशी सारखी निघाली.

आता आपल्या माश्या. सातेरी आणि मेलिफेरा एकाच वंशातल्या, पण जाती वेगळ्या. सॅकब्रूड या विषाणूच्या रोगात अळीची शेवटची कात सुटत नाही, आत पाणी साठतं आणि अळी पिशवीसारखी फुगून मरते. मेलिफेराची वसाहत यातून बहुधा सावरते. सातेरीवर मात्र या रोगाचा थाई सॅकब्रूड हा प्रकार १९९१-९२ मध्ये दक्षिणेत असा आला की तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती संपल्या. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण व्हरोआ माइट या माश्यांवर जगणाऱ्या, गोचिडीसारख्या बारीक किडीचं उलटं आहे. ती मूळची सातेरीचीच. सातेरीत ती मुख्यतः नरांच्या घरांतच वाढते, म्हणून वसाहत तगून राहते. मेलिफेरात ती कामकरी माश्यांच्या घरांतही वाढते आणि पंख वाकडे करणारा विषाणू थेट पिलांच्या अंगात सोडते. इथे शेजारच्या डेव्हनमध्ये ती १९९२ साली सापडली. तेव्हापासून इथल्या मधपाळांच्या मागे माइटवरचे उपचार लागले ते आजतागायत. म्हणजे मेलिफेरा आणलीत तर एक दुखणं जाऊन दुसरं येईल, शिवाय औषधांचा खर्च.

माझं ऐकाल तर सातेरी सोडू नका. केरळात त्या साथीतून वाचलेल्या वसाहती निवडून त्यांच्यापासूनच पुन्हा माश्या वाढवल्या. तुमच्या ज्या पेट्या रोगातही टिकल्या, त्यांचंच विभाजन करा. बाहेरून वसाहती विकत आणू नका आणि आजारी पेटीतल्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नका.

पावसात पेट्यांना साखरपाणी कमी पडू देऊ नका. उघड्या घरात डोकं वर काढून मेलेल्या अळ्या दिसल्या तर फोटो लगेच पाठवा.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
मंजू